आवडत्या गायकनटाचे संगीत नाटक कसे पाहावे

ज्या गायकाच्या मैफिली आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, ज्याच्या गळ्यातली एखादी जागा, म्हणजे स्वरांचे खास वळण, पहिल्या स्वरालाच ओळखू येते, त्याचे नाव एके सकाळी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातीत, एखाद्या जुन्या संगीत नाटकाच्या शीर्षकाखाली दिसते आणि मग दुसरे काही सुचत नाही. २०१० मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा रंगमंचावर आले, सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली राहुल देशपांडे खाँसाहेब म्हणून आणि महेश काळे सदाशिव म्हणून उभे राहिले, तेव्हा माझी अवस्था अशीच झाली होती. मूळ नाटकात खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे हे राहुल यांचे आजोबा, त्यामुळे त्या प्रयोगाला जाताना मनात गाण्याइतकीच आठवणींचीही गर्दी होती. त्या प्रयोगापासून आजवर पाहिलेल्या अशा प्रयोगांतून मला एक गोष्ट नक्की कळली आहे : मैफिलीची सवय झालेला कान तसाच घेऊन नाटकाला गेलो, तर आपला आवडता गायक आपल्याला मिळतो, पण त्याने उभे केलेले पात्र हातचे जाते. दोन्ही मिळावीत, यासाठी काय करावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात जाहिरात वाचण्यापासून होते आणि ती नीट वाचावी. संगीत नाटकात गायकनटाच्या तारखा मैफिली, दौरे आणि परदेश प्रवास यांत अडकलेल्या असतात, त्यामुळे एकच भूमिका दोन गायक आलटून पालटून करतात, असे पुष्कळदा घडते. मुख्य जाहिरातीवर एकाचे छायाचित्र असते आणि आपण निवडलेल्या तारखेच्या प्रयोगात दुसराच कलावंत असतो. माझ्या बाबतीत हे एकदा घडले आहे. तिकीट काढताना मी काहीच विचारले नाही आणि पडदा उघडल्यावर भूमिकेत बदल असल्याचे लक्षात आले. त्या दिवशी जो तरुण गायक उभा होता तो उत्तम गात होता, हे मला मध्यंतरानंतर कळले, कारण पहिला अंक मी मनातल्या मनात खट्टू होऊन बसलो होतो. त्याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून तिकीट खिडकीवर किंवा जाहिरातीत दिलेल्या क्रमांकावर ‘या तारखेला अमुक भूमिका कोण करणार आहे’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा, आणि उत्तर काहीही आले तरी नाटकाला जाण्याची मनाची तयारी ठेवावी.

शुभारंभाचा प्रयोग गाठावा, अशी ओढ सर्वांनाच असते. माझे मत मात्र वेगळे आहे. शुभारंभाला सभागृह सत्काराच्या वातावरणात असते, भाषणे होतात, कलावंतांवर ताण असतो आणि गद्य-पद्याचा सांधा अजून पुरता बसलेला नसतो. मैफिलीत वाढलेल्या गायकाला संवाद म्हणता म्हणता पदात, म्हणजे नाटकातल्या गाण्यात, शिरणे आणि पद संपताच पुन्हा संवादाच्या पट्टीत येणे, हे अंगवळणी पडायला काही प्रयोग जावे लागतात. म्हणून आठव्या-दहाव्या प्रयोगाच्या सुमारास जावे. दिवसाला दोन प्रयोग असतील, तर शक्यतो पहिला निवडावा, कारण तीन तास गाऊन-बोलून झालेल्या गळ्याला दुसऱ्या प्रयोगात जपून राहावे लागते. परंतु फार वाट पाहणेही बरे नाही. पुनरुज्जीवित संगीत नाटकांचे प्रयोग बहुधा मोजके होतात. वाद्यवृंद, वेशभूषा, मोठा संच आणि गायकांच्या तारखा यांचा मेळ निर्मात्याला वर्षानुवर्षे जमवता येत नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला, त्यात बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन लाडके गायकनट एका रंगमंचावर आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. ज्यांनी तो प्रयोग ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून सोडला असेल, त्यांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

तिकिटे आता मोबाइलवर काढता येतात आणि प्लॅनही तिथेच दिसतो, पण नाट्यगृह जवळ असेल तर खिडकीवर जावे, असे मी म्हणेन. खिडकीवरच्या माणसाला त्या सभागृहाची खोड ठाऊक असते. कोणत्या खुर्चीसमोर खांब येतो, कोणत्या कोपऱ्यात ध्वनिक्षेपकाचा आवाज कर्कश लागतो, वाद्ये कोणत्या बाजूला बसतात, हे तो सांगू शकतो. संगीत नाटकासाठी माझी पसंती चौथ्या ते आठव्या रांगेला, आणि त्यातही मधल्या वाटेजवळच्या खुर्च्यांना आहे. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावे लागते आणि ऑर्गन-तबला गायकाच्या आवाजावर चढतो. फार मागे गेल्यास ऐकू येतो तो केवळ ध्वनिक्षेपकातला आवाज. मधल्या अंतरावर गायकाचा मूळ गळा आणि यंत्रातून आलेला आवाज हे दोन्ही कानावर पडतात, शिवाय तान घेण्यापूर्वी त्याचे खांदे किंचित वर उचलले जातात, तेही दिसते. श्वास कुठे घेतला, हे दिसले की पुढची तान अधिक कळते. सज्जातली तिकिटे स्वस्त असतात आणि विद्यार्थ्यांनी ती खुशाल काढावीत. आवाज तिथे चांगला पोहोचतो, डोळ्यांतला अभिनय तेवढा निसटतो.

तयारीसाठी आठवडाभर आधी नाटकाची संहिता वाचावी. हे सांगितले की काहींना अभ्यासाचा कंटाळा येतो, परंतु संगीत नाटकाच्या बाबतीत या वाचनाचे फळ लगेच मिळते. शंभर वर्षांपूर्वी थिएटरात पदांच्या छोट्या पुस्तिका विकत मिळत आणि लोक त्या घरी नेऊन पदे पाठ करत. आज ती सोय उरलेली नाही, म्हणून संहितेतली पदे तरी एकदा मोठ्याने वाचावीत. पदाचे शब्द आधी ठाऊक असले, म्हणजे गायक आलापात शिरला तरी आपण अर्थाचा धागा सोडत नाही. ‘संगीत सौभद्र’ पाहायचे असेल, तर अर्जुनाने घेतलेले यतीचे सोंग, बलरामाचा हट्ट आणि सगळे काही जाणून गंमत पाहणारा कृष्ण, एवढे डोक्यात असले तरी पुरते. ‘मानापमान’मध्ये श्रीमंताची मुलगी भामिनी गरीब वनमालेच्या वेषात धैर्यधराला भेटते, हे माहीत असले की तिच्या प्रत्येक पदाला दोन तोंडे आहेत, हे उमगते. ‘कट्यार’ची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. विश्रामपूर संस्थानात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्यात राजगायकपदासाठी स्पर्धा आहे. राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्यामुळे त्याला एक खून माफ असतो. पंडितजींकडे शिकायला आलेल्या सदाशिवाला पंडितजी भेटतच नाहीत आणि तो खाँसाहेबांचे गाणे चोरून शिकू लागतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले आणि जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिलेले हे नाटक १९६७ च्या डिसेंबरात प्रथम रंगमंचावर आले.

नाटक कोणत्या काळचे आहे, हेही ठाऊक असावे, कारण त्यावरून गायकाकडून काय अपेक्षा ठेवायची ते ठरते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगमंचावर आणले, तेव्हा एका नाटकात शंभराहून अधिक पदे असत आणि साकी, दिंडी, कामदा अशा साध्या, कीर्तनाला जवळच्या चालींत ती चटकन संपत. पद हा संवादाचाच एक प्रकार होता. खाडिलकरांच्या १९११ मधल्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ मधल्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा पदे कमी झाली आणि रागदारी वाढली. म्हणून ‘सौभद्र’मध्ये आपला आवडता गायक एखादी दिंडी अर्ध्या मिनिटात म्हणून मोकळा झाला, तर त्याने आपल्याला फसवले असे मानू नये, तिथे तेवढेच अपेक्षित आहे. ‘स्वयंवर’मध्ये तोच गायक एका पदावर रेंगाळला, तर तेही योग्यच.

जुनी ध्वनिमुद्रणे ऐकावीत का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ऐकावीत, परंतु एकदाच आणि प्रयोगाच्या निदान चार दिवस आधी. प्रयोगाच्या दिवशी सकाळी वसंतरावांचे ध्वनिमुद्रण ऐकून संध्याकाळी नाट्यगृहात गेलेला माणूस नाटक ऐकत नाही, दोन आवाजांतला फरक मोजत बसतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : बालगंधर्वांच्या काळातल्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटेच मावत असत. रंगमंचावर तेच पद कितीतरी अधिक काळ चाले, अहमदजान थिरकवांसारखा तबलजी साथीला असे आणि श्रोत्यांच्या दादेप्रमाणे पद फुलत जाई. आपल्या कानात ‘मूळ’ म्हणून जे बसले आहे, ती त्या पदाची आवळून बांधलेली पुरचुंडी आहे. आजच्या गायकाने ती सोडून मोकळी केली, तर त्याने चाल बिघडवली, असे घाईने म्हणू नये.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या घंटेच्या आत खुर्चीवर बसलेले असावे. हे केवळ शिस्तीसाठी सांगत नाही. पहिली आणि तिसरी घंटा यांच्या मधल्या काळात संगीत नाटकाचे अर्धे वातावरण तयार होते. पडद्याआडून धुपाचा वास येतो, तबलजी हातोडी घेऊन तबला लावत असतो, आणि ऑर्गनवाल्याचे पाय भात्यावर चालू लागतात. एका प्रयोगाला मी वाद्यांच्या बाजूलाच बसलो होतो. ऑर्गनवाल्याने उजव्या हाताच्या एका बोटाने षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून ठेवला होता, डावा हात मांडीवर स्वस्थ होता, आणि पडद्यापलीकडून कोणीतरी अगदी दबक्या आवाजात तो षड्ज लावून पाहत होते. दोन-तीनदा तो स्वर आला, किंचित खाली लागला, सावरला आणि थांबला. तो आवाज माझ्या आवडत्या गायकाचा होता, आणि इतक्या मैफिली ऐकूनही त्याला असा एकट्याने स्वर शोधताना मी कधी ऐकले नव्हते. उशिरा येणाऱ्याला हे कधीच मिळत नाही. त्यानंतरची नांदीही उभ्या संचाने म्हटलेली ऐकावी. तीत आपला गायक इतरांच्या आवाजात आवाज मिसळतो, आणि मैफिलीत त्याचे हे रूप दिसण्याचा योग नसतो.

आता मुख्य भाग : पाहायचे काय आणि ऐकायचे काय. आवडता गायक प्रवेश करतो तेव्हा टाळ्या पडतात आणि त्या पडू द्याव्यात. पण टाळ्या थांबल्यावर पहिल्या पदाची वाट पाहत बसू नये. त्याचे गद्य ऐकावे. गायकनटाची खरी परीक्षा पदात नसते, पदाच्या अलीकडच्या दोन वाक्यांत असते. ती वाक्ये जर केवळ पदाकडे जाण्याची पायरी म्हणून उरकली गेली, तर पद कितीही सुरेल झाले तरी ते मैफिलीतले गाणे होते. ती वाक्ये मनापासून आली आणि पात्राला आता बोलून भागणार नाही, म्हणून ते गाऊ लागले, असे वाटले, तर मात्र नाटक उभे राहिले. दुसरी खूण पद संपल्यानंतरची. टाळ्यांच्या आवाजात गायक भूमिकेत टिकून राहतो का, की नमस्कारासाठी हात आपोआप वर येतो, ते पाहावे.

पदात काय ऐकावे, याचे सर्वांत चांगले उदाहरण ‘कट्यार’मध्येच आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यात दोन वेगवेगळ्या चालींत येते, एक पंडितजींच्या घराण्याच्या ढंगाची आणि दुसरी खाँसाहेबांच्या. शब्द तेच आहेत. एका चालीत ते ठेहरावाने आणि समाधानाने उलगडतात, दुसऱ्या चालीत तेच आक्रमक आणि झपाट्याचे होतात. इथे ‘कोणती चाल अधिक गोड’ हा प्रश्न नाटकाने विचारलेलाच नाही. अभिषेकींनी दोन माणसांचे स्वभाव दोन चालींत घालून ठेवले आहेत. खाँसाहेब गातात तेव्हा त्यांच्या तानेत विद्येचा डौल ऐकू यावा आणि त्याच तानेच्या टोकाला वर्षानुवर्षे डावलले गेल्याची सलही ऐकू यावी. सदाशिवाच्या बाबतीत त्याच्या गाण्यातला बदल टिपावा : तो ज्या गायकीची ओढ घेऊन आला आणि जी त्याने चोरून उचलली, त्या दोन्हींतून त्याचा स्वतःचा आवाज कसा निघतो, ते प्रत्येक पदागणिक ऐकत जावे. महेश काळे हे स्वतः अभिषेकीबुवांचे शिष्य, आणि राहुल देशपांडे तर वसंतरावांच्या निधनाच्या वेळी चार वर्षांचेही नव्हते. एकाला गुरूकडून समोरासमोर मिळालेले आणि दुसऱ्याला बहुतांशी ध्वनिमुद्रणांतून व आठवणींतून गोळा करावे लागलेले, असे दोन वारसे त्या रंगमंचावर समोरासमोर उभे होते. हे ठाऊक असल्यामुळे मला ते नाटक दुप्पट भिडले.

त्या प्रयोगाला माझे वडील बरोबर होते. त्यांनी वसंतरावांचे खाँसाहेब पाहिले होते. पहिली दोन पदे त्यांनी डोळे मिटून ऐकली, आणि मला कळले की ते समोरच्याला ऐकत नाहीत. तिसऱ्या पदाच्या आधी, खाँसाहेब नुसते वळून उभे राहतात अशा एका क्षणी, त्यांनी डोळे उघडले, चष्मा पुसला आणि पुढे सरकून बसले. मध्यंतरात ते एवढेच म्हणाले, “हा त्यांची नक्कल करत नाहीये रे.” ज्यांनी मूळ संच पाहिला आहे, अशा वडीलधाऱ्यांना बरोबर जरूर न्यावे. त्यांना तुलना करू द्यावी, पण ती मध्यंतरात. आपणही आपली तुलना तोपर्यंत बाजूला ठेवावी.

‘वन्स मोअर’ची प्रथा संगीत नाटकाने जपली आहे आणि ती मला प्रिय आहे, परंतु तिलाही वेळकाळ आहे. पद संपून शेवटची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पडली की ‘वन्स मोअर’ लगेच द्यावा. पुढच्या संवादाचा पहिला शब्द उच्चारला गेल्यावर तो देणे म्हणजे प्रसंग मोडणे होय. शृंगाराच्या किंवा विनोदाच्या प्रवेशात तो शोभतो. पात्र कोसळले आहे, कोणाचा निरोप घेतला जात आहे, अशा जागी शांतता हीच दाद असते. गायकाने हसून नकार दिला, तर आग्रह धरू नये; त्याला पुढे आणखी दोन अंक गायचे असतात. पद चालू असताना जागेला ‘वा’ जाणे स्वाभाविक आहे, मात्र गायकाबरोबर गुणगुणणे कटाक्षाने टाळावे. शेजारच्या माणसाने तिकीट काढले आहे ते रंगमंचावरच्या गळ्यासाठी. मोबाइल बंद ठेवावा आणि ध्वनिमुद्रण करू नये. अंधारात उजळलेला मोबाइलचा तो चौकोन गायकाला रंगमंचावरून स्पष्ट दिसतो आणि त्याचे लक्ष विचलित होते.

गोव्याच्या वाचकांना यातले बरेचसे सांगण्याची गरज नाही. तिथे देवळाच्या जत्रेला गावातलीच मंडळी रात्रभर संगीत नाटक करतात, कला अकादमीच्या स्पर्धेत जुनी नाटके उभी राहतात, आणि गावाचा लाडका गायकनट दिवसा बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारा असतो. महाराष्ट्रातल्या रसिकाने एकदा तरी असा प्रयोग पाहावा. तिथे प्रेक्षकांना पदे इतकी पाठ असतात की गायकाने नवी जागा घेतली की ती लगेच ओळखली जाते.

प्रयोगानंतर भेटायला जायचे असेल, तर रंगपटाच्या दाराशी व्यवस्थापकाला विचारून जावे. गायक रंग उतरवत असतो, अंगरखा घामाने भिजलेला असतो आणि गळा थकलेला असतो. त्याला बोलायला लावू नये, दोन ओळी गाऊन दाखवण्याची विनंती तर कधीही करू नये. ‘फार छान झाले’ हे त्याने त्या रात्री पन्नासदा ऐकलेले असते. त्याऐवजी एक नेमकी जागा सांगावी : अमुक प्रवेशात तुम्ही पद संपल्यावर थांबलात आणि मग मान वळवलीत, ते लक्षात राहिले. एवढे सांगून नमस्कार करून निघावे. माझ्या वडिलांनी त्या रात्री रांगेत उभे राहून फक्त एक वाक्य सांगितले आणि ते काय होते, हे मला त्यांनी घरी येईपर्यंत सांगितले नाही.

शक्य असेल तर त्याच नाटकाला महिना-दोन महिन्यांनी पुन्हा जावे आणि खुर्ची बदलावी. पहिल्या खेपेला आपण आवडत्या गायकाकडेच पाहतो, ते साहजिकच आहे. दुसऱ्या खेपेला तो गात असताना जो गात नाही, त्याच्याकडे पाहावे. खाँसाहेब गातात तेव्हा त्यांची मुलगी झरीना काय करते, सदाशिवाचा हात मांडीवर कोणता ताल धरतो, कविराज कुणाकडे बघतात. आणि वाद्यांच्या बाजूची खुर्ची मिळाली, तर तिसऱ्या घंटेपूर्वी तो एकटा षड्ज पुन्हा ऐकू येतो का, त्याकडे कान द्यावा.